इको रिपोर्टमधली दुसरी ओळ

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय. अडखळणं आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात.)

लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल, भांडी घासताना ऐकत असाल, तर ते चालू राहू द्या. फक्त मध्येच कधीतरी मी "मनगट धरा" असं म्हणेन, तेव्हा अर्धा मिनिट हात मोकळे ठेवा.

तुमचे जे मेसेज येतात ना, त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे "डॉक्टर, छातीत धडधड होते, मला हार्ट अटॅक येणार का?" विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो, रात्री दोनला मेसेज टाकलेला असतो आणि दिवसभरात पाच चहा झालेले असतात. त्यावर आपण एकदा बोललोय. मला आजवर एकाही ऐकणाऱ्याने न विचारलेला प्रश्न असा आहे, की "माझ्या वडिलांचं बीपी दहा वर्षं वाढलेलं आहे, तर त्यांच्या हृदयाचं आत काय झालं असेल?" हा प्रश्न मीही विचारला नव्हता. मी तर डॉक्टर आहे. आजचा भाग त्याबद्दल.

२०१० सालची गोष्ट. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वॉर्डात पोस्टिंग सुरू होतं तेव्हा सगळे जण स्टेथोस्कोप आणि बीपीचं मशीन घेतात, तसं मीही डायलवालं मशीन घेतलं. दिवाळीला घरी गेलो आणि घरातल्या प्रत्येकाच्या दंडाला ते पट्टं बांधलं. आजीचं घेतलं, आईचं घेतलं, शेजारच्या काकूंचं घेतलं. मग बाबा दुकानातून जेवायला आले. आमचं किराणा दुकान आहे, तालुक्याच्या गावात. बाबा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे. त्यांचं बीपी आलं १६४ वर १०२.

मी परत घेतलं. १६०-१००. तिसऱ्यांदा घेतलं, तेच.

बाबा म्हणाले, "अरे, मशीन नवीन आहे की डॉक्टर नवीन आहे?" सगळे हसले. मीही हसलो. वर मीच म्हणालो, की बाबा उन्हातून चालत आलेत, म्हणून असेल. मला काही होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, असं ते म्हणाले आणि जेवायला बसले. ताटात लोणचं होतं, पापड होता, दिवाळीचं फरसाण होतं. विषय संपला. तो पुढे बारा वर्षं संपलेलाच राहिला.

आता ही बारा वर्षं आत काय चाललं होतं ते सांगतो. इथे थोडं शरीरशास्त्र आहे, पण कंटाळा येणार नाही याची जबाबदारी माझी.

हृदयाला चार कप्पे. दोन वर, दोन खाली. आज आपल्याला फक्त डाव्या बाजूचे दोन लागतात. फुप्फुसांतून शुद्ध रक्त येतं ते डाव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे लेफ्ट एट्रियममध्ये. तिथून ते खाली उतरतं डाव्या खालच्या कप्प्यात, लेफ्ट व्हेंट्रिकलमध्ये. हा खालचा कप्पा म्हणजे खरा पंप. तो आवळतो आणि रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातं. दिवसाला साधारण एक लाख वेळा.

आता समजा, पुढच्या पाइपमध्येच दाब वाढलाय. बाहेर दार ढकलून कोणीतरी धरलंय आणि तुम्हाला ते प्रत्येक वेळी उघडायचंय. एक लाख वेळा. रविवारी सुट्टी नाही. स्नायू काय करेल? जाड होईल. यामागे साधं गणित आहे: पोकळ गोलाच्या भिंतीवर येणारा ताण हा आतला दाब आणि गोलाचा आकार यांनी वाढतो, आणि भिंत जाड झाली की कमी होतो. दाब तर कमी होत नाहीये. मग हृदय भिंत जाड करतं आणि ताण सांभाळून घेतं. मोठ्या माणसात ही भिंत साधारण सहा ते दहा मिलिमीटर असते. बीपीच्या पेशंटमध्ये ती बारा, चौदा, कधी त्याहून जास्त झालेली मी रोज बघतो. याला म्हणतात लेफ्ट व्हेंट्रिक्युलर हायपरट्रॉफी, रिपोर्टवर एलव्हीएच.

इथे जिमवाले मित्र हमखास विचारतात, की स्नायू जाड झाला तर चांगलंच ना, बायसेप्ससारखं? प्रश्न चांगला आहे. पळणाऱ्या, पोहणाऱ्या खेळाडूंचं हृदयही मोठं होतं. पण तिथे कप्प्याची जागाही वाढते, भिंत लवचिक राहते, आणि सराव थांबवला की बरंचसं मागे येतं. शिवाय खेळाडू तास-दोन तास जोर लावतो आणि मग झोपतो. बीपीवालं हृदय झोपेतही जोर लावत असतं. त्याची भिंत बहुतेक वेळा आतल्या बाजूला जाड होते, आणि स्नायूंच्या मधल्या जागेत तंतू साचतात. जखम भरल्यावर त्वचेवर जसा कडक व्रण राहतो ना, तसलं काहीतरी. थोडक्यात, हृदय जाड होतं आणि ताठ होतं.

आणि ताठ होण्यातच सगळी मेख आहे. पंप आवळतो छानच. पण सैल पडून भरून घेताना त्याला त्रास होतो. नवा रबरी फुगा आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन्ही फुगवून बघा. दुसऱ्यात हवा भरायला जोर लागतो. इथे तो जोर कोणाला लावावा लागतो? वरच्या कप्प्याला. लेफ्ट एट्रियमला. आणि त्या बिचाऱ्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. तो जोर लावायला जन्माला आलेलाच नाही. तो जाड होण्याऐवजी ताणला जातो, मोठा होतो. वर्षानुवर्षं ताणलेल्या स्वेटरची कॉलर होते तसा.

या सगळ्या काळात माणसाला काय जाणवतं? काहीही नाही. फार तर जिना चढताना थोडा दम लागतो, आणि त्याला आपण वय म्हणतो.

२०१८ मध्ये बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनआधी टू-डी इको करतात, तो त्यांनी गावाकडेच केला. मी तेव्हा पुण्यात एमडी करत होतो आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांच्या हृदयांचे इको रोज शिकत होतो. आईने रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी ओपीडीत होतो. फोटो उघडला, सरळ खाली गेलो, "ईएफ ६० टक्के" वाचलं आणि अंगठा पाठवला. अंगठा! एक शब्दही नाही.

ईएफ म्हणजे पंप एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते. साठ म्हणजे उत्तम. पण मी आत्ताच काय सांगितलं? जाड हृदय आवळतं छानच. त्यामुळे ईएफ चांगला असतो आणि सगळे खूश होतात. त्या रिपोर्टमधली दुसरी ओळ मी नंतर वाचली, चार वर्षांनी. त्यात लिहिलं होतं, की डाव्या कप्प्याची भिंत चौदा मिलिमीटर, वरचा कप्पा त्रेचाळीस मिलिमीटर, म्हणजे मोठा झालेला, कारण चाळीसपर्यंत आपण ठीक म्हणतो, आणि डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड एक, म्हणजे नीट सैल पडत नाही. बाबांची अख्खी आठ वर्षं त्या एका ओळीत होती. ज्यांनी इको केला त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. वाचणारा अंगठा दाखवून मोकळा झाला.

भूल देणाऱ्या मॅडमनी ऑपरेशनआधी बीपी बघून गोळी सुरू केली होती. बाबांनी ती दोन महिने घेतली. मग गावातल्या मेडिकलमध्ये बीपी मोजलं तर १२८ आलं. नॉर्मल! मग गोळी बंद. "नॉर्मल आहे तर कशाला घ्यायची? सवय लागते." तुमच्याही घरात हे वाक्य कोणीतरी म्हटलं असेल, माझी पैज. अहो, गोळी चालू होती म्हणून १२८ होतं. चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसायला लागलं म्हणून चष्मा फेकून देतो का आपण?

आता ठोक्यांकडे येऊ.

ढोलपथकात वाजवलंय कोणी? पुण्यातल्यांनी हात वर केला असणार. तिथे पुढे ताशावाला असतो. तो इशारा देतो, ठेका धरतो, आणि मागे पन्नास ढोल एकदम पडतात. हृदयातही असा ताशावाला आहे, उजव्या वरच्या कप्प्यात, सायनस नोड. तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेची छोटी लाट सोडतो. लाट वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरते, मग मधल्या एका नाक्यातून, एव्ही नोडमधून, खाली उतरते आणि खालचे कप्पे आवळतात.

वरचा डावा कप्पा ताणला गेला, त्याच्यात व्रणासारखे तंतू साचले, की ही लाट सरळ पसरत नाही. कुठे अडते, कुठे वळसा घालते, कुठे फिरून आपल्याच शेपटीला येऊन चिकटते आणि गोल गोल फिरायला लागते. मागच्या रांगेतल्या ढोलवाल्यांना ताशा ऐकूच येत नाही आणि जो तो आपापला ठेका धरतो. मग कुठूनतरी एक चुकार ठिणगी पडायला पुरते. ती बहुतेक वेळा कुठून पडते ते १९९८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या मिशेल हैसागेर यांच्या गटाने दाखवलं. फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या नसा डाव्या वरच्या कप्प्याला जिथे जोडल्या जातात, तिथून. म्हणजे नेमक्या त्याच भागातून, जो बीपीमुळे ताणला गेलेला असतो.

मग वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात. आवळत नाहीत, थरथरतात. हे एट्रियल फिब्रिलेशन, आपण एएफ म्हणू. मधला नाका आहे म्हणून बरं, तो सगळ्या लाटा खाली सोडत नाही. पण ज्या सोडतो त्या कशाही सोडतो, त्यामुळे नाडी कशीही पडते. टक, टक-टक, मोठी गॅप, टक. आणि ताठ झालेल्या खालच्या कप्प्याला भरण्यासाठी वरच्या कप्प्याच्या शेवटच्या ढकलण्याची सगळ्यात जास्त गरज असते, ते ढकलणंच बंद होतं. म्हणून बीपीवाल्या माणसाला एएफ झालं की दम जास्त लागतो.

एक बकऱ्यांची गोष्ट सांगतो, मला फार आवडते. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी बारा बकऱ्यांच्या हृदयात मशीनने मुद्दाम एएफ चालू ठेवलं. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबायचं. पण जसजसं चालू ठेवत गेले, तसतसं ते थांबायला वेळ घ्यायला लागलं, आणि शेवटी बहुतेक बकऱ्यांमध्ये ते थांबेचना. म्हणजे एएफ स्वतःच हृदयाला एएफची सवय लावतं. सवय लागते ती याची. गोळीची नाही, बाबा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ पासून तिथल्या लोकांच्या हृदयाचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. तिथे दिसलं, की बीपी असलेल्यांमध्ये एएफची शक्यता साधारण दीडपट होते. दीडपट म्हणजे काही विशेष नाही असं वाटेल. पण बीपी किती जणांना आहे बघा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत चोवीस टक्के आणि बायकांत एकवीस टक्के लोकांचं बीपी वाढलेलं किंवा गोळ्यांवर होतं. चार-पाच माणसांत एक. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून वर जा आणि मोजा.

आणि त्याच फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून दुसरी गोष्ट कळली: एएफ असेल तर पक्षाघाताचा धोका जवळजवळ पाचपट. याचं कारण डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो. अपेंडेज म्हणतात त्याला. कप्पा आवळत असतो तोवर खिसा झटकला जातो. नुसता थरथरायला लागला की तिथे रक्त साचून राहतं, ओढ्याच्या वळणावर पाणी साचतं तसं, आणि साचलेलं रक्त गोठतं. ती गाठ कधीतरी सुटते, आणि तिथून बऱ्याचदा सरळ मेंदूकडे जाते.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबा अधूनमधून आईला म्हणायचे, "छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतंय." आई म्हणायची, चहा कमी करा. मला दोघांनीही सांगितलं नाही. मुलगा ड्युटीवर असतो, त्याला कशाला त्रास.

एका सकाळी दुकानात एक बाई साखर मागायला आल्या. बाबांनी तराजूत साखर घातली आणि त्यांना "साखर" हा शब्द सापडेना. "ते... हे... ते" असं म्हणत राहिले. उजव्या हातातली पुडी सुटली. ती बाई हुशार. तिने आरडाओरडा केला नाही, समोरच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. आईचं म्हणणं होतं, पित्त झालंय, लिंबूपाणी देऊ. गॅरेजवाल्याच्या वडिलांना पूर्वी असंच झालं होतं, त्यामुळे तो ऐकेना. त्याने बाबांना गाडीत घातलं आणि सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. सीटी स्कॅन होऊन गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळालं तेव्हा तीन तास झाले होते. हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्या दोघांची नावं मी इथे घेत नाही, पण गावात गेलो की आधी त्या गॅरेजमध्ये जातो.

ईसीजीमध्ये एएफ होतं. ते कधीपासून होतं, कोणाला माहीत. मी पुण्याहून पोहोचलो आणि रात्री अकरा वाजता आयसीयूच्या बाहेर बसून व्हॉट्सअॅपवर मागे मागे जात २०१८ चा तो फोटो काढला. आणि दुसरी ओळ वाचली.

बाबा बरे आहेत. चालतात, दुकानात बसतात. पण आकडे अडतात. पूर्वी वीस वस्तूंचं बिल तोंडी करायचे, आता कॅल्क्युलेटर लागतो, आणि गिऱ्हाईक घाईत असलं की चिडतात. हात बरा झाला. हिशेब पूर्ण परत आला नाही.

थोडं पाणी पितो.

(इथे थोडा वेळ थांबलो होतो.)

आता कोणाला वाटेल की बाबांना गावात राहून सोय नव्हती म्हणून हे झालं. तर एक असा पेशंट सांगतो, ज्याच्याकडे जगातली सगळी सोय होती. फ्रँकलिन रूझवेल्ट, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. १९३५ मध्ये त्यांचं बीपी १३६-७८. १९३७ मध्ये १६२-९८. १९४१ मध्ये १८८-१०५. त्यांचे खासगी डॉक्टर म्हणत राहिले, तब्येत ठणठणीत. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तर १८६-१०८, हृदय मोठं झालेलं आणि पंप थकायला लागलेला. १२ एप्रिल १९४५ ला दुपारी "डोक्यात फार दुखतंय" असं म्हणून ते कोसळले. तेव्हा घेतलेलं बीपी तीनशेच्या वर. मेंदूत रक्तस्राव. त्यांचा शेवट एएफने झाला नाही, बीपीच्या दुसऱ्या वाटेने झाला. पण एक फरक लक्षात घ्या. १९४५ मध्ये बीपीवर आजच्यासारख्या गोळ्याच नव्हत्या. मीठ कमी करा, झोपून राहा, एवढंच. आपल्याकडे आज साध्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात.

आणि त्या गोळ्यांनी नुसता आकडा उतरत नाही. लाइफ नावाचा एक मोठा अभ्यास होता, नऊ हजारांवर पेशंट, सगळ्यांना बीपी आणि सगळ्यांच्या ईसीजीत जाड हृदयाच्या खुणा. अर्ध्यांना लोसार्टन, अर्ध्यांना अॅटेनोलॉल. बीपी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. पण लोसार्टनवाल्यांत हृदयाची जाडी जास्त कमी झाली आणि नव्याने एएफ होण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी निघालं. पुढे स्प्रिंट नावाच्या अभ्यासात वरचा आकडा १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला, तर एएफ सुमारे सव्वीस टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणजे जाड झालेलं हृदय थोडंफार मागे येतं. व्रण सगळे पुसले जात नाहीत, म्हणून लवकर सुरुवात केलेली बरी. (आता हे ऐकून कोणी मेडिकलमध्ये जाऊन लोसार्टन मागू नका. कोणाला कोणती गोळी, हे किडनी, पोटॅशियम, साखर, वय बघून ठरतं. गरोदर बाईला तर ती चालतच नाही.)

तुमच्या हातातल्या घड्याळाबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर मेसेज येतील. घड्याळाच्या मागे जो हिरवा लाइट असतो तो नाडी मोजतो. अॅपलने स्टॅनफर्डबरोबर चार लाखांवर लोकांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण चार महिन्यांत अनियमित नाडीची सूचना आली ती फक्त अर्ध्या टक्क्याला, आणि चाळिशीच्या आतल्यांमध्ये तर हजारात दोघांनाही नाही. मग ज्यांनी छातीला ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांमध्ये एएफ सापडलं. मला यातून कळतं ते असं, की तुमच्या वयाला घड्याळ शांत राहणार आहे, आणि ज्यांना खरी गरज आहे ते आई-बाबा घड्याळ घालत नाहीत. घड्याळ त्यांना द्या म्हणत नाही, महाग आहे. मनगट फुकट आहे.

तर, मनगट धरा. आत्ता. एका हाताचा तळवा वर. दुसऱ्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याच्या मुळाखाली, जिथे हाड लागतं त्याच्या किंचित आत. अंगठ्याने बघू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. तीस सेकंद. मोजायची गरज नाही, फक्त ताल ऐका. श्वास घेताना थोडी भरभर आणि सोडताना थोडी सावकाश होते, ते तरुणपणी नॉर्मल आहे. मध्येच एखादा ठोका चुकला, तेही बहुतेक वेळा निरुपद्रवी. एएफ ओळखायची खूण अशी, की त्यात ठेकाच सापडत नाही. पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाज बांधताच येत नाही.

आज रात्री हे आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या मनगटावर करा. ताल बेताल वाटला तर साधा ईसीजी काढायचा, आणि तो ताल चालू असतानाच काढायचा. घरी डिजिटल बीपी मशीन असेल तर त्यात बऱ्याचदा अनियमित ठोक्याचं चिन्ह येतं. ते चिन्ह वारंवार येत असेल तर सेलवर ढकलू नका.

आणि बीपी घेताना मी २०१० मध्ये जी घाई केली ती करू नका. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. दंड हृदयाच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवी करून घ्यायची. बोलायचं नाही, आणि टीव्हीवर बातम्या तर अजिबात नाही. दोनदा घ्या, सकाळ-संध्याकाळ, असं आठवडाभर. घरी सरासरी १३५ वर ८५ किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरकडे जायचं, वहीसकट. मी तेव्हा उन्हातून आलेल्या माणसाचं घेतलं ही चूक नव्हती. नंतर आठवडाभर घेतलं नाही, ही चूक होती.

तुमचं स्वतःचं, पंचविशीतलं, बीपी जास्त आलं तर? "या वयात कुठे" म्हणून सोडू नका. उलट या वयात जास्त शोधावं लागतं. किडनी, किडनीची रक्तवाहिनी, थायरॉइड, अॅड्रिनल ग्रंथी. जिममध्ये कोणी इंजेक्शनं दिली आहेत का, पाठदुखीला रोज वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडतो का. हा शेवटचा प्रकार, स्लीप अॅप्निया, बीपीही वाढवतो आणि एएफही. तरुण वयात खरोखर एएफ निघालं, तर आपल्या देशात लहानपणच्या संधिवाती तापाने खराब झालेली झडप आधी बघतो, मग थायरॉइड. आणि दारू. एका बैठकीत खूप प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी एएफ घेऊन येणारे तरुण असतात. १९७८ पासून त्याला नावच आहे, हॉलिडे हार्ट. एक जानेवारीच्या इमर्जन्सीत मी पाहिलेत.

मिठाबद्दल जास्त बोलत नाही, आई-आजीशी भांडणं होतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, वडापावबरोबरची मिरची सगळं आलं.

एक प्रश्न मात्र मुद्दाम घेतो, कारण तो मागच्या आठवड्यात एका ताईंनी पाठवला. त्यांच्या वडिलांना एएफ आहे, डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, पण कोणीतरी सांगितलं की ती धोक्याची आहे, त्यापेक्षा अॅस्पिरिन घ्या. ताई, एएफमध्ये त्या खिशातली गाठ रोखायला अॅस्पिरिन फारसं कामाचं नाही, आणि रक्तस्रावाचा धोका तर त्यानेही असतोच. कोणाला पातळ करणारी गोळी हवी हे डॉक्टर गुण मांडून ठरवतात, आणि त्या गुणांमध्ये बीपी असणं हाच एक गुण आहे. वय, साखर, आधीचा पक्षाघात हे बाकीचे. गोळी बंद करायची असेल, दात काढायचा असेल, तर ज्यांनी सुरू केली त्यांना फोन करा. मनाने बंद नको. आणि ती चालू असताना बीपी आटोक्यात हवंच, कारण बीपी जास्त आणि रक्त पातळ हे मेंदूला परवडत नाही.

बाबा आता तीन गोळ्या घेतात. दोन बीपीच्या, एक रक्त पातळ ठेवायची. दुकानात उधारीची लाल वही आहे, तिच्या मागच्या पानांवर ते रोज सकाळी बीपी लिहितात. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. आकडे लिहिताना अजून थोडे अडतात, पण लिहितात. दर रविवारी आई त्या पानाचा फोटो मला पाठवते. मी आता अंगठा पाठवत नाही. फोन करतो आणि त्यांनाच आकडे वाचून दाखवायला लावतो. गेल्या रविवारी १२६-७८ होतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता तुझं सांग."

माझं १३४-८६ निघालं. आठवडाभर घेतोय. पुढच्या भागात सांगतो काय झालं ते. चला, भेटू.